बुधवारची बाटली

आमच्या ओसरीवर दर बुधवारी नर्सबाई बसायची, ती मी आणलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर माझ्या नावावर एवढी एकच चांगली गोष्ट उरेल, आणि तीही पुरती चांगली नाही.

गाव मला अक्का म्हणतं. आमच्या ह्यांना गाव आबा म्हणतं, आणि मीही तेच म्हणते, कारण नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर लग्नातल्या उखाण्यानंतर फारशी आली नाही. तापीच्या अंगाला आमचा केळीचा मळा. एक मुलगा, लीलाधर, तो केळीने रेल्वेच्या वाघिणी भरून देण्याच्या कामाला सावद्याच्या स्टेशनात. त्याची बायको मंदा. घरात माणसं एवढीच, पण आवाज माझा एकटीचा चार माणसांएवढा.

सत्तावन्न साली ब्लॉकची योजना आली आणि तिच्याबरोबर महिला मंडळ आलं. मी चौथी शिकलेली आणि आबांची बायको, म्हणून अध्यक्षीण. पहिल्याच सभेला ब्लॉकचे साहेब आले आणि विचारू लागले, गावाला काय हवं? बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. मी उठले. आमच्या गावापासून एदलाबादचा दवाखाना नऊ मैल. रस्ता असा, की गाडीत ठेवलेल्या घागरीत निम्मं पाणी उरत नाही.

"साहेब," मी म्हणाले, "पोटुशी बाई नऊ मैल हादरे खात तिथी पोचली, तं डॉक्टरानं तपासावं काय? रस्त्यातच मोकळी होईन ना ती. तपासनारं मानूस इथी आना."

साहेब हसले. बायका हसल्या. महिन्याभरात हुकूम आला, की दर बुधवारी एदलाबादहून नर्सबाई येईल, गरोदर बायकांना गावातच तपासेल. त्या दिवशी मी दोन बोटं उंच झाले होते.

बसायचं कुठं, हा प्रश्न निघाला. ग्रामसेवक म्हणाला शाळेची मागची खोली द्या, बुधवारी शाळा अर्धीच असते. मास्तरही तयार होते. मी म्हणाले, छे, आमची ओसरी. कारणं मी भरपूर दिली. सावली आहे, पाणी आहे, खाट आहे, नर्सबाईला चहा मिळेल. खरं कारण वेगळं होतं. मंदाला चौथा सरत आला होता. शाळेत गेली असती तर ती दहा जणींसारखी रांगेत बसली असती. सरकारची नर्स आमच्या सुनेला तपासायला आमच्या घरी येते, हे मला गावाला दाखवायचं होतं.

ओसरी आबांची, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळपासून ते तिथंच. त्यांच्याबरोबर शालिग्राम भाऊ, चुडामण नाना आणि आणखी कोणी तंबाखू चोळत बसलेलं असायचं. मग मी खांबापासून खांबापर्यंत सतरंजी बांधली. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. सतरंजीने डोळे अडतात, कान अडत नाहीत. पलीकडे नर्सबाईने कितवा महिना म्हणून विचारलं, की अलीकडची तंबाखू चोळायची थांबायची. बायका कुजबुजत उत्तरं द्यायच्या आणि नर्सबाई खेकसायची, "मोठ्याने बोला, मी काय तुमची सवत आहे?"

नर्सबाईचं नाव मुमताज. भुसावळची, बाप रेल्वेत फिटर. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. काटकुळी, पांढरं पातळ, पत्र्याची पेटी. एस.टी.ने फाट्यावर उतरायची आणि दोन मैल पेटी स्वतःच्या हातात घेऊन चालत यायची. बोलणं तुटक, पण हात असा हलका, की अंगाला लागला हे बाईला कळायचं नाही. तिच्यासाठी मी कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवली होती. मी काही बोलले नव्हते, पण चहा झाला की ती ती कपबशी स्वतः विसळून कोनाड्यात पालथी घालायची. त्याचीही आज लाज वाटते. पण ती लाज लहान आहे. मोठी पुढे आहे.

पहिल्या बुधवारी तिने सांगितलं, पुढच्या वेळी प्रत्येकीने येताना बाटलीत आपली लघवी आणायची. सकाळची, त्याच दिवसाची. बायकांच्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, "नळीत घालून दिव्यावर तापवते. पांढरं फुटलं तर आत काहीतरी बिघडतंय. पोट मला हाताने कळतं, हे हाताने कळत नाही. बाटली नसेल तर मी तपासणार नाही."

बुधवार उजाडला. मी मंदाला रिकामी औषधाची बाटली दिली. आमची न्हाणी परसात. तिथून ओसरीवर यायचं तर स्वयंपाकघर, मग देव्हाऱ्याची मधली खोली, मग आबा आणि त्यांचं मंडळ. मंदा बाटली हातात घेऊन तशीच उभी. अठरा वर्षांची पोर, लग्नाला दीड वर्ष झालेलं, सासऱ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवतानाही पाठमोरी होणारी.

"अक्का, मले लाज वाटते," ती म्हणाली. "आबांसमोरून कशी नेऊ? तुमी नेता का?"

"मी नेऊ? सुनेचं मूत सासूनं वाहावं? आमच्या घरात असं कधी झालं नही."

ती रडायला लागली. बाहेरून नर्सबाईची हाक आली, "अध्यक्षीणबाई, तुमच्याच घरची बाटली कुठे आहे?" पलीकडे बायका बसलेल्या. मजुराची बायको बेबाबाई तर गल्लीतून सगळ्यांदेखत हातात बाटली घेऊन आली होती, जशी काही तेलाची बाटली दुकानातून आणावी. आणि अध्यक्षीणबाईच्या घरची बाटली नाही!

मी मंदाच्या हातातली बाटली हिसकावली, परसात गेले आणि माझी स्वतःची भरली.

आता कोणी म्हणेल, ही बाई वेडी होती का? वेडी नव्हते. माझा हिशोब सरळ होता. एकाच चुलीवरची भाकरी दोघी खातो, एकाच विहिरीचं पाणी पितो, मग दोघींच्यात फरक तो काय असणार? सुनेचं मी उचलायचं नव्हतं, माझं मी उचलायला कुणाची बंदी? पदराखाली झाकून मी ती बाटली आबांसमोरून नेली आणि नर्सबाईसमोर ठेवली. तिने कागदाच्या चिठ्ठीवर मंदाचं नाव लिहून ती बाटलीला चिकटवली, नळी दिव्यावर धरली, थेंबभर औषध टाकलं, उजेडाकडे करून पाहिली.

"छान," ती म्हणाली. "पाण्यासारखी."

मला हसू आलं होतं. देवाशपथ, त्या दिवशी मला हसू आलं होतं.

मग ते दर बुधवारचंच झालं. मंदा खाटेवर बसायची, मी शेजारी. नर्सबाई तिला विचारायची आणि उत्तर मी द्यायची. भूक लागते का? लागते. झोप येते का? येते. डोकं दुखतं का? नाही. सतरंजीपलीकडे आबा आणि त्यांचं मंडळ ऐकत असताना, आमच्या सुनेचं डोकं दुखतं असं मी का म्हणेन? एकदा नर्सबाई वैतागून म्हणाली, "बाई, गरोदर कोण आहे, तुम्ही का ती?" बायका खिदळल्या. मीही हसले. मंदा खाली बघत राहिली.

मंदाच्या सातव्या महिन्यात बेबाबाईची नळी पांढरी झाली. मी डोळ्यांनी पाहिली. वरचं पाणी दह्यासारखं फुटलं. नर्सबाईचा चेहरा बदलला. तिने बेबाबाईचा नवरा रुपचंद याला मळ्यातून बोलावून घेतलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता गाडी जुंप, हिला एदलाबादला ने. तो कामाचं काहीतरी सांगू लागला तर ती त्याच्यावर ओरडली. मग आम्हा सगळ्यांना तिने समजावून सांगितलं. अशा बाईचे पाय सुजतात, डोकं दुखतं, डोळ्यांसमोर काजवे येतात, आणि मग झटके येतात. झटके आले की आई आणि मूल दोघांचा भरवसा नाही. "हे आधी कळायला माझ्याकडे फक्त ही नळी आहे," ती म्हणाली.

माझी नजर मंदाच्या पायांवर गेली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात तिच्या पायांतली जोडवी बोटांत रुतली होती. मी साबण लावून ती काढली होती आणि डब्यात ठेवली होती. पहिलटकरणीचे पाय सुजतातच, असं मी तिला म्हणाले होते.

नर्सबाईनेही पाय पाहिले. नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला. तिने पुन्हा मंदाच्या नावाची बाटली उचलली, पुन्हा नळी तापवली. स्वच्छ. तिने मान हलवली.

"लघवी स्वच्छ आहे म्हणून सोडते," ती म्हणाली. "नाहीतर हिलाही त्याच गाडीत बसवलं असतं. मीठ कमी करा, पाय उशीवर ठेवा."

तिथं मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. नर्सबाई, ती बाटली माझी आहे. बस्स एवढंच. माझ्या घशापर्यंत ते आलं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण दहा बायका समोर बसलेल्या, सतरंजीपलीकडे चुडामण नाना खाकरलेला ऐकू आला, आणि मला वाटलं, उद्यापासून पाणवठ्यावर माझं काय होईल? अध्यक्षीणबाईने स्वतःचं मूत सुनेचं म्हणून दिलं! मी गप्प बसले. मंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मनात म्हणाले, पुढच्या बुधवारी तिचीच देऊ, गुपचूप. पुढच्या बुधवारी मंडळाच्या हळदीकुंकवाची गडबड होती. पुन्हा माझीच दिली. त्याच्या पुढच्या बुधवारीही माझीच. एकदा खोटं दिलं, की खरं देताना नळी पांढरी झाली तर काय, याची भीती वाटायला लागली होती. एवढं मला कळत होतं. म्हणजे मला सगळंच कळत होतं.

चैत्रातला सोमवार. मंदाचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. मी सुंठीचा लेप लावला. दुपारी ती म्हणाली, "अक्का, डोयांसमोर चमकतंय काहीतरी." मी तिला निजायला लावलं. मंगळवारी सकाळी चुलीपुढे बसली होती, ती तिथंच वाकडी झाली. दात बसले, डोळे फिरले, हातपाय झाडू लागली. मी तिच्या अंगावर पडून तिला धरलं. आबा धावत आत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते सुनेच्या जवळ आले. केळी भरायला आलेला ट्रक त्यांनी तसाच थांबवला, घड खाली टाकले आणि तिला एदलाबादला नेलं, तिथून पुढे जळगावच्या मोठ्या दवाखान्यात.

मंदा वाचली. चार दिवस तिला दिसत नव्हतं, मग दिसू लागलं. मुलगी झाली, ती श्वास न घेताच झाली. मी तिला पाहिलं. डोक्यावर दाट जावळ होतं. आणखी मला तिच्याविषयी सांगवत नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी लीलाधरला झाडलं. आठव्या महिन्यापर्यंत हिची लघवी एकदाही तपासली नाही का? लीलाधर म्हणाला, दर बुधवारी तपासत होते, दर वेळी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही, तपासणारीला येत नसेल. लीलाधर तसाच घरी आला आणि आबांना सांगितलं. आबा फार बोलणारे नाहीत. त्यांनी शालिग्राम भाऊ, चुडामण नाना आणि आणखी दोघांना बोलावलं, अर्ज लिहिला, सह्या केल्या. नर्सबाईच्या हलगर्जीपणामुळे आमचं नातवंड गेलं. चुडामण नाना वर म्हणाला, "त्या जातीच्या बाईकडून कायले अपेक्षा करायची?" मी आत चहा करत होते. ऐकलं आणि साखर टाकली.

चौकशीला साहेब आले ते आमच्याच ओसरीवर. तेच साहेब, ज्यांना मी नऊ मैलांचं सांगून हसवलं होतं. नर्सबाई उभी होती, हातात तिची नोंदवही. तिला कोणी बस म्हटलं नाही, मीही नाही. साहेबांनी मला विचारलं, "अध्यक्षीणबाई, ही दर बुधवारी तुमच्या सुनेची बाटली तपासत होती?"

"बाटली तपासत व्हती," मी म्हणाले.

"तुमच्या समोर?"

"हो."

नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला कशाचा तरी उलगडा हवा होता आणि तो माझ्या तोंडावर सापडेल असं तिला वाटत असावं. "बाई," ती म्हणाली, "बाटली तुम्हीच द्यायचात ना हातात? मी चिठ्ठी लावायची. दुसऱ्या कोणाच्या बाटलीशी बदली झाली असेल का? आठवून सांगा."

तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी म्हणाले, "बदली कशी होईन? मीच तं देत व्हती."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो सगळ्यात मोठा खोटेपणा होता.

तिची बदली झाली, पार पश्चिमेला, नरडाण्याला. तिच्या नोंदीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. चांगलं नसणार. तिच्या जागी कोणी आलं नाही, आणि आमच्या गावचा बुधवार बंद झाला. मी सतरंजी सोडून घडी घालून ठेवली. बेबाबाईला एदलाबादला मुलगा झाला होता, त्याला कडेवर घेऊन ती एकदा दारात आली. म्हणाली, "अक्का, नर्सबाईचं चुकलं कसं व्हईन? माझं तं बरोबर निंघालं." मी तिच्यावर खेकसले, की तुला काय कळतं? ती गेली. पुढे दोन बायका तपासायला म्हणून एदलाबादला गाडीतून जाऊ लागल्या, बाकीच्या जातच नव्हत्या. मी गावाच्या दारात आणलेली गोष्ट मीच घालवली. आणि गाव मला बिचारी म्हणत होतं, नात गेलेली बिचारी.

दीड वर्षाने मंदाला पुन्हा दिवस राहिले. तिसरा सरला तसं मी तिला म्हणाले, या वेळी एदलाबादला जाऊ, मी स्वतः येते, गाडीत जाड गादी घालू. मंदा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"अक्का, आधी त्या बाईले सांगा. मंग मी कोनालेही बाटली देईन. तव्हापर्यंत मी तपासायले जानार नही."

सासूबरोबर ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. मला रागच आला. "मले धमकी देते का व?"

"धमकी नही. साहेब आले त्या दिवशी मी दाराआड बसली व्हती. बोलली नही. ती माझीबी चूक." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "माझी पोरगी गेली. त्या बाईची अब्रू गेली. तुमचं काहीच गेलं नही, अक्का."

मी उठून परसात गेले आणि गाईला उगाच चारा टाकत राहिले. आतापर्यंत मला वाटत होतं, की मंदाला कळत नाही, किंवा ती विसरली. माझ्या घरात ती दीड वर्षाहून जास्त हे घेऊन भाकऱ्या थापत होती.

तरी मी गेले नाही. चौथा गेला, पाचवा गेला. आज जाते, उद्या जाते. मी तिला गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, लीलाधरकडून सांगवून पाहिलं. ती त्याला काही सांगेना आणि दवाखान्यात जाईना. घरात सगळे म्हणू लागले, मागच्या वेळची धास्ती बसली आहे पोरीला. सहाव्यात एका दुपारी मी पोळ्या लाटत असताना मंदा आली, माझ्यासमोर पाटावर काहीतरी ठेवलं आणि न बोलता निघून गेली.

तिची जोडवी होती. साबणाचा फेस अजून वाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आबांना सांगितलं, की शिंदखेड्याला बहिणीकडे जाऊन येते. भुसावळहून सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसले. अमळनेर गेलं आणि मी कनवटीला खोचलेली मंदाची जोडवी चाचपून पाहिली. डब्यातल्या एका बाईने विचारलं, कुठं चालल्या? मी म्हणाले, बहिणीकडे. सवय जात नाही.

नरडाण्याला स्टेशनाजवळच एका खोलीत तपासणी चालली होती. बाहेर पडवीत आठ-दहा बायका, प्रत्येकीच्या हातात बाटली. मी शेवटी जाऊन बसले. दारातून ती दिसत होती. आणखी वाळलेली. नळी दिव्यावर धरायची, उजेडाकडे बघायची, ठेवायची, मग त्याच बाटलीतून दुसरी नळी भरून पुन्हा दिव्यावर.

माझ्या शेजारची बाई सगळा दिवस इथंच जातो म्हणून अहिराणीत कुरकुरली, "बठ्ठा दिन आठेच जाई. एक एक बाटली दोन दाव उकाळस ती."

"कायले?" मी विचारलं.

"काय माहीत. पन हात चांगला शे तिना."

मला कारण माहीत होतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं, पण जोडवी कनवटीला होती आणि ती टोचत होती.

माझी पाळी आली तेव्हा तिने मान वर केली आणि ओळखलं. बसा म्हणाली. मी बसले नाही. पडवीतल्या बायका ऐकत होत्या, दाराला पडदाही नव्हता. एका दृष्टीने ते बरंच झालं.

"नर्सबाई," मी म्हणाले, "ती बाटली मंदाची नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. माझी व्हती. सुनेचं उचलायची मले लाज वाटली म्हनून मी माझी देत गेली."

बाहेर कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. तिने हातातली नळी हळूच नळ्यांच्या लाकडी घोडीत ठेवली.

"दोन वर्षं मी समजत होते, की माझे डोळे चुकले," ती म्हणाली. "तो दिवस, तो उजेड, ते औषध, सगळं रोज आठवून बघते. औषध जुनं होतं का? नळी धुतली नव्हती का? त्या बाळाचा..." तोंड फिरवून तिने दिव्याची वात सारखी केली. मी तिच्या पायांशी वाकायला गेले, तर ती पटकन मागे सरकली. "ते नको. मला सांगून उपयोग काय? ज्यांनी सह्या केल्या त्यांना सांगा. तिथंच, तुमच्या ओसरीवर."

"सांगते."

"सून कशी आहे?"

मी कनवटीची जोडवी काढून दाखवली. तिचा आवाज एकदम जुना झाला, खेकसणारा. "मग इथे काय करताय तुम्ही? पाय सुजलेत आणि तुम्ही आगगाडीत फिरताय? उद्याच्या उद्या एदलाबादला न्या. सकाळची बाटली न्या. तिची."

मी निघाले. दारातून वळून पाहिलं. तिने पुढच्या बाईची नळी तापवली, उजेडाकडे धरली आणि खाली ठेवली. एकदाच. मला वाटलं, चला, एवढं तरी सुटलं. पण तिचा हात बाटलीवरच थांबला होता. तिने पुन्हा नळी भरली आणि पुन्हा दिव्यावर धरली.

घरी पोचले तेव्हा मंदा दारातच होती. "सांगतलं?" तिने विचारलं.

"सांगतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसातून आली आणि माझ्यासमोर बाटली धरली. बाटलीवर तिने कागद चिकटवला होता, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत स्वतःचं नाव. बाटली कोमट होती. मी ती घेतली. पदर हातावर ओढून घ्यायची सवय हाताला होती, तो मी तसाच खांद्यावर राहू दिला. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आले, देवासमोरून गेले आणि ओसरीवर आले. आबा होते. शालिग्राम भाऊ होता, चुडामण नाना तंबाखू चोळत होता. मंदा माझ्या मागे उंबऱ्यात उभी राहिली.

"काय आहे हातात?" आबांनी विचारलं.

बाटली मी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"मंदाची लघवी हाये," मी म्हणाले. "हिले अन् ही बाटली एदलाबादले नेते तपासायले. मांगच्या वेळी नर्सबाईले दर बुधवारी दिली, ती माझी व्हती."

चुडामण नानाचा अंगठा तळहातावर तसाच थांबला. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी पायऱ्या उतरले आणि गाडी जुंपायला सांगितली.